रमणभाऊ, घाटात अजून तीच गाडी चालते

भाऊ,

तू गेल्यावर तुझ्या कंपनीनं हार पाठवला होता. पांढऱ्या फुलांचा, माणसाच्या उंचीचा, मधोमध कंपनीचं चिन्ह. पुण्याहून एक तरुण अधिकारी तो घेऊन आला होता. रस्ता चुकत चुकत आपल्या गावात पोचला आणि ओट्याजवळ हार धरून उभा राहिला, कुठं ठेवायचा ते त्याला कळेना. माय आत बायकांमध्ये बसली होती. ती उठून बाहेर आली, हाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "बेटा, तू चहा पी. फुलं परत लई जाय."

पोरगा कावराबावरा झाला. त्याचा काय दोष? मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. तुझ्याच हाताखाली तयार झालेला होता तो. मी विचारलं, "ऑफिसात काय म्हणतात रमणभाऊंबद्दल?" त्यानं कपात बघत उत्तर दिलं, "सरांबद्दल आमच्याकडे कुणी वाईट बोलत नाही, मॅडम. सरांबद्दल कुणी बोलतच नाही."

भेटायला येणारे मात्र खूप बोलतात. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा पोरगा, केळीच्या बागेतून उठून मोटारीच्या एवढ्या मोठ्या कंपनीत साहेब झाला, हे मलाच सांगतात, जणू मी शेजारच्या गावची. मी मान हलवते. मला आठवतो तो तू वेगळाच असतोस. बापू मला पुढं शिकवायला तयार नव्हते, तेव्हा जेवता जेवता हात ताटात तसाच ठेवून तू म्हणाला होतास, "सुलू शिकनार नही तं मी बी जाणार नही." आणि खरंच गेला नाहीस, बापू हो म्हणेपर्यंत. तूच मला पाटचारीच्या रस्त्यावर गाडी शिकवलीस. मी ती सरळ कपाशीत घातली, तेव्हा बोंडं अंगावर घेऊन तू हसत उभा होतास, आणि घरी येऊन सांगितलंस की गाडी मीच चालवत होतो. बापूंनी तुला शिव्या घातल्या. त्या सगळ्या माझ्या होत्या.

मग मी शहाद्याच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवायला लागले आणि तू पुण्यात ते करायला लागलास. आपलं भांडण तिथून सुरू झालं. ते तू अर्ध्यावर सोडून गेलास.

त्या गाडीची कल्पना तुझी होती, हे मी कुणाला विसरू देणार नाही. आणि ती चांगली कल्पना होती. शाळेत असताना तू आणि दिलवर शनिवारी जीपच्या मागच्या फळीवर लटकून धडगावला जायचात. दिलवर पावरा, शहाद्याच्या वसतिगृहात राहणारा, वर्गात तुझ्या बाकावर बसणारा. त्याच्या पाड्यावर तू सुट्ट्या काढल्यास, त्याची पावरी बोली तुला येऊ लागली, माय म्हणायची की हा अर्धा डोंगरात गेला. मोठा झाल्यावर तू कंपनीच्या बैठकीत उभा राहून म्हणालास की देशातल्या डोंगरांत लाखो माणसं शहरानं टाकून दिलेल्या जुन्या जीपमधून जातात, टपावर बसून, दाराला लोंबकळून. त्यांच्यासाठी कुणी गाडीच बनवलेली नाही. आपण बनवू. दारं असलेली, पट्टे असलेली, त्यांना परवडेल अशी.

तुला वाटलं नव्हतं इतक्या लवकर ते हो म्हणाले. शहरांत विक्री थांबली होती, दुसऱ्या कंपन्या पुढं जात होत्या आणि वरच्या साहेबांना नवा बाजार हवा होता. तुझ्या स्वप्नाचं नाव झालं 'ग्रामीण धोरण'. तू त्या विभागाचा प्रमुख झालास. त्या दिवशी तू फोनवर रडलास, भाऊ. दिलवरला कळव म्हणालास, त्याच्या पाड्यावर रेंज नसते, तू निरोप पाठव.

चाचणीही तू आपल्याच धडगावच्या घाटात घेतलीस. पूर्ण वजन भरून गाडी उतारावरून सोडली की खालच्या वळणांपर्यंत ब्रेक तापायचा आणि मऊ पडायचा. पाय खाली जायचा, गाडी मात्र पुढं जातच राहायची. तुमच्या इंजिनिअरांना ते लगेच कळलं, लपवाछपवी नव्हती. उपायही ठरला, मोठे ब्रेक बसवायचे. ज्या गाड्या परदेशी जाणार होत्या त्यांना ते बसवले, कारण तिथला नियम तसा होता. इथल्या गाड्यांना नाही बसवले, कारण इथला नियम लहान ब्रेकला हरकत घेत नव्हता आणि तेवढ्यानं किंमत स्पर्धकाच्या खाली येत होती.

त्या बैठकीबद्दल तू मला केळीच्या बागेत सांगितलंस. दिवाळीला आला होतास. घडांना गुंडाळलेल्या पिशव्या हातानं चाचपत बोलत होतास, माझ्याकडे न बघता. मोठे साहेब म्हणाले होते, "रमण, खेड्यातला गिऱ्हाईक किंमत बघतो. आपण बाजारात उतरलो नाही तर दुसरे उतरतील, आणि त्यांची गाडी आपल्याहून वाईट असेल." तू विरोध केलास. मग त्यांनी शब्द दिला की पुढच्या आवृत्तीत मोठे ब्रेक घालू, आधी बाजार तर मिळू दे. आणि तू बसलास.

मी म्हटलं, "मंग तू उठी का नही गया?"

"उठी जातू तं मन्ही जागावर कोण येतं? ज्याले धडगाव कोठे शे हे बी माहीत नही, असा माणूस. मी तठे शे म्हणून निदान पुढला साल तरी ब्रेक येतीन."

"आणि या साली?"

"या साली बी ती गाडी त्या लटकेल जीपपेक्षा बरीच शे, सुलू. हे खोटं शे का?"

खोटं नव्हतं. तुझी पंचाईतच ही होती की तुझं एकही वाक्य खोटं नसायचं. मी रागानं म्हटलं की मी पोरांना शिकवते, कायद्यात बसणं आणि बरोबर असणं या दोन गोष्टी आहेत. तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "तू शिकाडस, सुलू. माले तठे बसून करनं पडस." मायनं जेवायला हाक मारली आणि आपण दोघं गेलो. पुरणपोळीवर तूप वाढताना माय म्हणाली, तुम्ही भांडलात का? आपण दोघंही एकदम नाही म्हणालो.

दिलवरनं गाडी घेतली, कारण तू बनवली होतीस. दुसरं कारणच नव्हतं त्याला. शहाद्याच्या शोरूममध्ये त्याची बायको, रेशमी तिचं नाव, नवं लुगडं नेसून आली होती. नारळ फोडला, आणि दिलवर सगळ्यांना सांगत सुटला, "मन्हा दोस्तनी बनाडेल शे." तू पुण्याहून मुद्दाम आला होतास. चावी तुझ्या हातानं दिलीस. मी तुझा चेहरा बघत होते. तू हसत होतास, आणि हसता हसता दिलवरला एका बाजूला घेऊन काहीतरी समजावत होतास. नंतर कळलं, तू सांगत होतास की उतारावर खालच्या गिअरमध्येच ठेव, जास्त माणसं घेऊ नको. त्यानं तुझ्या पाठीवर थाप मारली. डोंगरातल्या माणसाला तू उतार शिकवतोस का, म्हणाला.

पहिल्या काही महिन्यांतच तक्रारी आल्या, निरनिराळ्या राज्यांतल्या घाटांतून. सगळ्या गाड्या परत बोलवा, ब्रेक बदलून द्या, असं तू वर मागितलंस. तुझ्या सवयीप्रमाणे आतच, बैठकीत, साहेबांच्या केबिनमध्ये. त्यांचं म्हणणं पडलं की गाड्या परत बोलवल्या तर बातमी होईल, शेअर पडेल, नव्या कारखान्याचा करार अडेल. म्हणून मधला मार्ग निघाला. जो तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला येईल, त्याला गुपचूप बदलून द्यायचं, जाहीर काही करायचं नाही. तू मला हे सांगितलंस तेव्हा तुझ्या आवाजात थोडा विजय होता. मी म्हटलं, "भाऊ, धडगावचा माणूस तक्रार घेऊन कुठं येईल?" तू म्हणालास, "दिलवरले मी स्वतः सांगस."

तू सांगितलंस, आणि तो गेलाही. भाडी सोडून दिवसभर गाडी सर्व्हिस सेंटरला लावून बसला. तिथल्या लोकांना वरून सूचनाच पोचली नव्हती, किंवा पोचून कुठं राहिली होती. ब्रेक ठीक आहेत, त्यांनी सांगितलं. रिकाम्या गाडीचे, सपाट रस्त्यावर, ते ठीकच होते. दिलवरनं तुला निरोप दिला की काम झालं नाही, होळीनंतर पुन्हा येतो, आता होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार आहे, माणसं परत यायला लागलीत.

होळीच्या आधी डोंगरातली माणसं गुजरातेतून, ऊसतोडीवरून, कुठून कुठून घरी येतात. वर्षातून त्याच वेळी पाडे भरतात. दिलवरच्या गाडीत त्या दुपारी त्याच्याच पाड्याकडची माणसं होती, डोक्यावर बोचकी, होळीचे नवे कपडे. गाडी भरली होती, टपावरही माणसं होती. घाट चढून पलीकडच्या उताराला लागली आणि वळणावर थांबली नाही.

दिलवर गेला. त्याच्याबरोबर जे गेले त्यांची नावं तू पाठ केली होतीस, मला माहीत आहे. जेवताना तुझे ओठ हलायचे.

कंपनीचं निवेदन आलं की गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, दुःख आहे, गाडी सर्व नियमांना धरून बनवलेली आहे. यातलंही काही खोटं नव्हतं. आणि तुला बोलावून मोठे साहेब म्हणाले, रमण, तुझा तो भाग आहे, तुला त्यांची भाषा येते, तू जा, लोकांना समजाव. तू निघालास. त्यांच्या कामासाठी नाही. मला शहाद्याहून बरोबर घेतलंस, "एकट्याकडून होनार नही" म्हणालास.

त्या दिवसाबद्दल मी कुणापाशी बोलले नाही, तुझ्यापाशीही नाही. दिलवरच्या पाड्यावर रेशमीनं खाट बाहेर टाकली, आपल्याला बसवलं, तांब्यात पाणी आणून दिलं. कुडाच्या भिंतीला टेकून दिलवरचा म्हातारा बाप उकिडवा बसला होता. तू पाणी प्यालास. रेशमी समोर उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तू समजावशील. बैठक, किंमत, नियम, पुढची आवृत्ती, तुझ्याकडे इतकं होतं सांगायला.

तू म्हणालास, "हो."

तिनं तुझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. मग म्हातारा पावरीत काहीतरी बोलला, सावकाश, जमिनीकडे बघत. मला ते कळलं नाही. तुला कळलं. परतीच्या वाटेवर मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आता ते कुणाला विचारू? म्हाताऱ्याला विचारायचा धीर मला होणार नाही.

घाट उतरून आल्यावर तू गाडी बाजूला घेतलीस आणि म्हणालास, "सुलू, तू म्हणत व्हती तसं, बरोबर शे ते करस मी. सगळं सांगी देस."

अपघाताची चौकशी धडगावला झाली. तू उभा राहून सगळं सांगितलंस. चाचणीत काय दिसलं, कोणत्या गाड्यांना मोठे ब्रेक बसवले, कोणत्या गाड्यांना नाही, हे कुणी ठरवलं, आणि त्या बैठकीत तूही होतास. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. भाऊ, आयुष्यात मला तुझा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी हलेल. पोरांना शिकवते ना मी, की सत्य बाहेर आलं की संस्थेला बदलावं लागतं.

काहीच हललं नाही. चौकशी करणाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कंपनीच्या वकिलानं नम्रपणे विचारलं, गाडी कायद्याच्या चौकटीत आहे की नाही? तू म्हणालास, आहे. टपावर माणसं होती की नव्हती? होती. चौकशी तिथंच संपली. एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली, तीत तुझं आडनाव चुकलं होतं.

कंपनीनं तुला काढलं नाही. तेवढे अडाणी नव्हते ते. 'विशेष प्रकल्प' अशी पाटी असलेल्या केबिनमध्ये बसवलं, ज्यात प्रकल्प नव्हता. चहा वेळेवर यायचा. बैठकांची आमंत्रणं यायची बंद झाली. ज्यांना तू तयार केलंस ती पोरं कॉरिडॉरमध्ये तू दिसलास की मोबाइल काढून बघायला लागली. थोड्या महिन्यांनी तू स्वतःच राजीनामा दिलास. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की ग्रामीण धोरणाचा पाया रमणनं घातला. त्याच आठवड्यात नवी आवृत्ती बाजारात आली. तीत मोठा स्क्रीन होता, नवे रंग होते. ब्रेक तेच होते.

मी वर्गात नावं न घेता हे प्रकरण शिकवलं. तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटलं असतं. पोरांना विचारलं, कंपनीनं काय करायला हवं होतं? चांगली पोरं आहेत, आपल्याच गावागावांतली, काही धडगावकडचीही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कंपनीनं जे केलं ते धोरण म्हणून बरोबर शे. कंपनी बंद पडनी तं कामगार कुठं जातीन?" दुसऱ्यानं विचारलं, हे परीक्षेत येईल का? तास संपल्यावर एक पोरगा माझ्यामागं आला. मला वाटलं, याच्या मनाला काहीतरी लागलं असेल. तो म्हणाला, मॅडम, तुमचे भाऊ त्या कंपनीत होते ना, तिथं माझं काम होईल का?

तू गावी येऊन राहिलास. वहिनी नोकरीमुळे पुण्यात, तू मायजवळ. सकाळी बागेत जायचास, ठिबकच्या नळ्या बघायचास, ओट्यावर बसायचास. आपलं भांडण मिटलं नाही, नुसतं उलटं झालं. आता मी म्हणायचे की आत राहिला असतास तर निदान ब्रेकसाठी कुणी बोललं तरी असतं. तू म्हणायचास, "नही, आधीच बाहेर पडाले पाहिजे व्हतं. दिलवरले चावी देन्याआधी." एकदा मी म्हटलं, आपल्यातलं बरोबर कोण होतं? तू हसलास, फार दिवसांनी. "दोन्हीबी बरोबर व्हतूत, सुलू. म्हणूनच काही व्हयनं नही."

हे वाक्य मला खोडता येत नाही. मी रोज प्रयत्न करते.

त्या सकाळी तू बागेच्या बांधावर बसलेलाच सापडलास. डॉक्टर म्हणाले हृदय. माय म्हणाली, बरं झालं, झोपेत तरी ओठ हलणार नाहीत. आपली माय अशी बोलते, आणि मग दिवसभर बोलत नाही.

काल तिनंच मला सांगितलं, "रेशमीले सांगी ये. तिले दुसरानी सांगाले नको." एकटीनं घाटात गाडी घालायची माझी हिंमत नाही. एसटी निघून गेली होती. शहाद्याच्या स्टँडबाहेर जी गाडी भरत होती ती तुझी गाडी होती, भाऊ, नव्या रंगातली. मागं दुसरी उभी होती, तीही तीच. मी विचारलं, जीप नाही का? सगळे हसले. जुन्या जीप आता कुठं राहिल्या, ताई.

मी बसले. म्हसावद मागं पडलं, चढ सुरू झाला. ड्रायव्हर पोरगेला होता, हसरा, दोन लेकरांचा बाप. पट्टे होते, दारं होती, तू म्हणाला होतास तसंच सगळं होतं. माणसं मात्र पट्ट्यांच्या दुप्पट होती. मला राहवलं नाही. मी पुढं वाकून त्याला म्हटलं, "दादा, या गाडीचे ब्रेक उताराला तापतात. तुला कुणी सांगितलंय का?"

त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं. "माहीत शे ना, ताई."

"आणि या सगळ्यांना?"

"सगळासले माहीत शे. एक साहेबनी धडगावले उभं राहून सांगं व्हतं ना." तुझं नाव त्याला माहीत नव्हतं. "पण दुसरी गाडी कोठे शे?"

कुणी घाबरलं नाही, कुणी वाद घातला नाही. मागं कुणीतरी तंबाखू मळत होतं. तू ज्यासाठी सगळं सोडलंस ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, भाऊ. प्रत्येकापर्यंत पोचलं होतं. आणि ते सगळे तिकीट काढल्यासारखे शांत बसले होते.

माथा आला. ड्रायव्हरनं खालचा गिअर टाकला आणि गाडी उताराला लागली. शेजारच्या बाईनं काही न विचारता आपलं लेकरू माझ्या मांडीवर दिलं. दांडी धरायला तिला दोन्ही हात हवे होते.